टीव्हीतल्या किचनमध्ये भुकेला माणूस कुठंय?

शेव_वेगळी_द्या (धागाकर्ता)

राम राम मंडळी. पारोळा-एरंडोल पट्ट्यात हायवेला एक हॉटेल आहे, तिथं मी गल्ल्यावर असतो. आधी सहा वर्षं वेटर होतो आणि त्याच्याआधी मोरीत ताटं घासली. हॉटेलचं नाव विचारू नका, मालकाच्या हातात पण मोबाईल असतो.

परवा रात्रीची गोष्ट. आमच्याकडे भिंतीवर टीव्ही आहे, मॅच नसली की जे लागेल ते चालू, आवाज बंद. त्या रात्री कुकिंगचा शो लागला होता. एक पोरगी ढसाढसा रडत होती कारण तिचा सॉस फाटला, वर घड्याळ उलटं पळतंय, जज हाताची घडी घालून मागे उभा, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यात घुसलेला. आणि नेमकं तेव्हाच दारात एक ट्रॅव्हल्स आणि दोन क्रूझर लागल्या, लग्नाचं वऱ्हाड, मोजले तर ६२ माणसं, रात्रीचे साडेअकरा, ना फोन ना काही. भट्टीवर वस्ताद आणि एक पोऱ्या. बस दोघं.

कोणी रडलं नाही. ओरडलं पण नाही, कारण भट्टीचा ब्लोअर चालू असला की ओरडून काही ऐकूच येत नाही. वस्ताद झाऱ्याने कढईच्या काठावर मारतो, एकदा मारलं की रोट्या लावा, दोनदा मारलं की ताट उचला. एवढीच भाषा.

ज्यांना शेवभाजीचं गणित माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस्सा तयार असतो, काळा मसाला, भाजलेला कांदा-खोबरं, वर तर्री. शेव टाकायची अगदी शेवटी. दहा मिनिटं आधी टाकली की लगदा झालाच समजा, म्हणून तर पार्सलला शेव वेगळी देतात. मग ६२ माणसांना शेव टाकायची कधी? ते आतला वस्ताद ठरवूच शकत नाही. ते बाहेरचा वेटर ठरवतो, तो बघतो की कोणत्या टेबलावरचे लोक हात धुऊन आले, कोणत्या टेबलाचा आजोबा अजून बाथरूममधे आहे, कोणती बाई लेकराला आधी दूध पाजणार आहे, आणि मग आत बोटं दाखवतो, तीन नंबरला टाक, सातला थांब. सगळं कौशल्य तिथं आहे, आणि ते सगळं गिऱ्हाईकाकडे बघण्याचं आहे.

सगळं आटपल्यावर मी वर बघितलं तर जजने चमचाभर चाखून ताट बाजूला सारलं होतं. बाकीचं ताट तसंच. तेव्हा डोक्यात आलं की या शोमधे स्पर्धक आहे, जज आहे, घड्याळ आहे, रडणं आहे, आणि भुकेला माणूस कोणीच नाही. कामाचे एवढे शो येतात टीव्हीवर, पण आम्ही ज्याच्यासाठी उभे असतो तो गिऱ्हाईकच त्यातून गायब. आणि ते उरलेलं ताट कोण खातं हो? खरंच विचारतोय.

तुमच्यात एसटीवाले, बँकवाले, दुकानवाले, दवाखान्यातले बरेच आहेत. उद्या तुमच्या कामाचा शो काढला तर काय ठेवतील आणि काय कापतील?


पुण्यातला_जळगावकर

धागा आवडला भो, पण थोडा उलटा बोलतो, राग मानू नका. या शोंनी काहीच केलं नाही असं नाहीये. मास्टरशेफ इंडिया २०१० मधे आला, पहिल्या सीझनला अक्षय कुमार होता, आणि जिंकल्या कोण तर लखनऊच्या पंकज भदौरिया, शाळेत शिक्षिका होत्या, नोकरी सोडून आलेल्या. आमच्या घरात तेव्हा आई म्हणाली होती की बघा, नुसत्या स्वयंपाकाचं पण बक्षीस मिळतं. त्याच्याआधी आमच्याकडे स्वयंपाक हे काम आहे असं कोणी म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

आणि गिऱ्हाईक नसतं हे पण सगळीकडे खरं नाही. गॉर्डन रॅमसेचा हेल्स किचन, अमेरिकेत २००५ पासून चालू आहे, त्यात बाहेर टेबलांवर लोक बसलेले असतात आणि ऑर्डर उशिरा आली की उठून पण जातात.


शेव_वेगळी_द्या

राग कसला. पण ते लोक काय म्हणाले ते आठवतं का तुम्हाला? रॅमसे काय म्हणाला तेच आठवत असेल.


पुण्यातला_जळगावकर

😀 हे मात्र बरोबर पकडलं. शिव्याच आठवतात.


हाफ_तिकीट

कंडक्टर आहे, चोपडा साईडला. आमच्या गाडीचा शो काढला तर भांडण ठेवतील आणि बाकी सगळं कापतील. भांडण आठवड्यात एखादं होतं हो. बाकी वेळ मी काय करतो, तर "मागे सरका, मागे जागा आहे" आणि "सुट्टे द्या". मे महिन्यात ४४-४५ डिग्री, पत्रा तापलेला, स्टँडिंग फुल्ल, एका हातात मशीन, एका हातात नोटा, आणि पाय ड्रायव्हरच्या ब्रेकच्या भरवशावर. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं, माझी बायको माहेरी जास्त जायला लागली (हे चांगलं का वाईट ते नंतर सांगतो), पण हाफ म्हटलं की आकडा विषम येतो आणि सुट्ट्यांचा दुष्काळ. वरून जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, मग सगळे आकडे नव्याने पाठ. "मनाजोडे सुट्टा नईत" हे वाक्य मी दिवसाला शंभरदा ऐकतो, आणि कॅश भरताना कमी आली की ती माझ्या खिशातून.

एक प्रसंग सांगतो. ७५ च्या वरच्यांना फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. एक बाबा चढले, धोतर, हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधे अजून एक प्लॅस्टिक, त्यात आधार कार्ड. ते काढेपर्यंत दोन थांबे गेले. कार्डावर जन्म १ जानेवारी, आपल्याकडे त्या पिढीचा सगळ्यांचाच १ जानेवारीचा असतो, शाळामास्तरने जे लिहिलं ते. तर हिशोबाने पंच्याहत्तरला चार महिने कमी. म्हटलं बाबा अर्धं लागेल. तर बाबा म्हणे, "मना नातूनं लगीन हुई गयं, आनि मी पंच्याहत्तरना नई?" सगळी गाडी हसली. आता मला खरं म्हणजे हसू आलं होतं, पण हसलो असतो तर बाबाचा अपमान झाला असता, आणि फुकट सोडलं असतं तर पुढे चेकिंगवाले चढल्यावर माझी नोकरी. मी तिकीट फाडलं, म्हणजे मशीनमधून काढलं, सवय आहे फाडलं म्हणायची, आणि बाबाला पुढच्या थांब्यावर माझी सीट दिली. टीव्हीवाल्यांनी यात बाबाला रडवलं असतं. बाबा काही रडला नाही, उतरताना म्हणे चार महिन्याने भेटू.


तापीकाठ

"चार महिन्याने भेटू" 😂😂 भेटले का मग?


हाफ_तिकीट

रूट बदलला ना माझा.


केळी_कटर

सगळे आपापल्या कामाचं कौतुक करू राह्यले तर मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो. माझा केळीचा धंदा, सावदा-रावेर, गाड्या भरून रात्री घरी जातो. हॉटेलात बसलो की वीस वीस मिनिटं पाणी येत नाही, वेटर मोबाईलमधे. मी ओरडतो, हो ओरडतो. दिवसभर माझ्यावर व्यापारी ओरडतो, भाव पडला की शेतकरी ओरडतो, मग मी कोणावर ओरडू?


शेव_वेगळी_द्या

दादा तुम्ही प्रामाणिक बोलले म्हणून सांगतो. ओरडणाऱ्याचा त्रास नाही होत, ओरडणारा निदान तोंडाकडे बघतो. जो चुटकी वाजवतो ना त्याचा होतो. आणि पाण्याचं म्हणाल तर वेटर मोबाईलमधे होता ते चूकच, माझा असता तर मीच झापला असता.


केळी_कटर

चुटकी नाही वाजवत मी. कधीच नाही. (एखादवेळेस टेबल वाजवतो.)


पुण्यातला_जळगावकर

मी अजून एक शो सांगतो, हा धाग्याच्या एकदम मधोमध बसतो. अंडरकव्हर बॉस. मूळ इंग्लंडचा, चॅनल ४ वर २००९ ला, मग अमेरिकेत सीबीएसवर फेब्रुवारी २०१० ला, सुपर बोल म्हणजे तिकडच्या फुटबॉलची फायनल, ती मॅच संपल्या संपल्या पहिला भाग लावला म्हणजे बघा किती लोकांनी बघितला असेल. कंपनीचा मोठा साहेब वेष बदलून आपल्याच कंपनीत खालच्या कामाला जातो. पहिल्या भागात वेस्ट मॅनेजमेंट नावाची कचरा उचलणारी कंपनी होती, तिचा प्रेसिडेंट लॅरी ओडॉनेल. तो कचरा डेपोवर उडालेले कागद गोळा करतो तर तिथला माणूस त्याला स्लो आहेस म्हणून काढून टाकतो. मजा वाटते. पण त्यातलं एक डोक्यातून जात नाही. कचरागाडी चालवणारी एक बाई त्याला सांगते की रूट वेळेत संपवायचा म्हणून तिला गाडीतच डब्यात लघवी करावी लागते. आणि ती जी वेळेची सक्ती होती ती खाली येईपर्यंत कोणाच्या ऑफिसातून निघाली, तर या साहेबाच्याच.

म्हणजे हा शो तरी खरं दाखवतो की नाही?


नथ_आणि_ट्रे

मी सहसा वाचूनच जाते इथून, लिहीत नाही. पण हे डब्याचं वाचलं आणि लिहायला बसले.

जळगावात सोन्याच्या एका मोठ्या शोरूमला काउंटरला आहे, आठवं वर्ष. नाव नाही सांगत. आमच्याकडे डबा नाही पण आमची युक्ती वेगळी, पाणीच कमी प्यायचं. सकाळी अर्धी बाटली, जेवताना दोन घोट. का, तर बाथरूम मागच्या जिन्याने वरच्या मजल्यावर, जाताना फ्लोअर मॅनेजरला सांगायचं, येताना सांगायचं, आणि ट्रे काउंटरवर असला तर जायचंच नाही, ट्रे मोजून आत गेल्याशिवाय. लग्नसराईत ट्रे आत जातच नाही. आमच्यातल्या तिघींना मूतखड्याचा त्रास झालाय, डॉक्टर म्हणतात पाणी प्या.

आणि उभं राहणं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, बसलेली मुलगी दिसली की दुकान रिकामं वाटतं म्हणे. आम्ही पाय बदलत उभ्या राहतो, डावा थोडा वेळ, उजवा थोडा वेळ, चप्पल काउंटरच्या आत काढून थंड फरशीवर. साडी लांब नेसतो ती त्याच्यासाठीच, पाय दिसत नाहीत. केरळमधे कापडदुकानातल्या बायांनी याच्यासाठी लढा दिला आणि २०१८ ला तिथला कायदा बदलला, बसायला जागा द्यायचीच. मग तमिळनाडूने २०२१ ला केलं. आपल्याकडे २०१७ च्या दुकान कायद्यात दिवसाला नऊ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी एवढं होतं, आणि २०२५ मधे ते नऊचे दहा करायचं सरकारने ठरवलं. बसण्याचं कोणी बोलत नाही.

आता त्या शोबद्दल. दादा तुम्ही विचारलं की हा शो खरं दाखवतो की नाही. दाखवलं, बाई बोलली, साहेबाने ऐकलं, डोळ्यात पाणी आलं. पण माझा प्रश्न असा की ती बाई डब्याबद्दल तिच्या सुपरवायझरला आधी बोलली नसेल का? आठ वर्षांत मी चारदा बोलले. साहेबाला वेष बदलून येईपर्यंत कोणीच ऐकत नाही आणि आल्यावर ज्या चार जणांबरोबर तो फिरला त्यांना शेवटी बक्षीस मिळतं, बाकीच्या गाड्या? त्यांच्यात पण डबे असतीलच ना.

एक बाई आल्या होत्या मागच्या दिवाळीत, मुलीसाठी नथ बघायला. सव्वा तास. ३१ नथी दाखवल्या, मोजायला लागतात म्हणून आकडा लक्षात आहे. घेतली नाही. जाताना म्हणाल्या, "ताई तुम्ही दमल्या असाल, मी इतकं दाखवायला लावलं, पैसे नव्हतेच, मुलीला नुसतं घालून बघायचं होतं." मला राग यायला पाहिजे होता. मी म्हटलं परत या. रात्री त्या ३१ नथी परत मोजून भरताना मात्र आला थोडा.


हाफ_तिकीट

ताई हे वाचून काय बोलावं सुचत नाही. पाणी पीत जा.


नथ_आणि_ट्रे

प्यायला लागलेय दादा. जिना चढते आता.


अमळनेरचा_मास्तर

समाजशास्त्रात याला इमोशनल लेबर म्हणतात. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन बाईंनी १९८३ मधे मांडलं, विमानातल्या एअर होस्टेसचा अभ्यास करून. पगार फक्त हातापायाच्या कामाचा नसतो, चेहऱ्याचा पण असतो. चेहरा कंपनीचा होतो आणि मग घरी आल्यावर तो आपला करायला वेळ लागतो. नथवाल्या ताईंचा "राग यायला पाहिजे होता" हे वाक्य त्याचंच उदाहरण आहे.


तापीकाठ

मास्तर आले म्हणजे आता कोणीतरी तवा-चुल्हा-चटके पण टाकणार. नका टाकू, बहिणाबाई आमच्या घरच्याच आहेत पण प्रत्येक धाग्यात येतात बिचाऱ्या.


अमळनेरचा_मास्तर

मी टाकणारच होतो 🙏 आवरलं.


बॅलन्स_सांगा

बँकेत आहे, साक्री तालुक्यात. आमचा शो काढला तर काय दाखवतील, लाईन. लांबच लांब लाईन आणि काचेआड बसलेला आळशी माणूस म्हणजे मी. रीलमधे तसंच असतं, लंच टाइम लंच टाइम.

ऑगस्ट २०२४ मधे लाडक्या बहिणीचे पैसे पडायला लागले. दरवाजा उघडायच्या आधी पायरीवर दीडशे बाया, कोणी पिंपळनेर साईडहून पहाटेच्या गाडीने आलेली, कोणी चालत. प्रत्येकीचा एकच प्रश्न, "पैसा उनात का?", म्हणजे पैसे आले का. मेसेज येतो पण मोबाईल नवऱ्याकडे, नाहीतर आधार जोडलंय दुसऱ्याच खात्याला, जे तिने कधीतरी मेळाव्यात काढलं आणि विसरली. मग ते खातं कोणत्या बँकेत हे शोधायचं. त्यात लिंक गेली की अर्धा तास मी नुसता बसलेला दिसतो. तोच फोटो व्हायरल होतो.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. एक बाई आली, पंचेचाळीस-पन्नासची असेल, पासबुक सरकवलं आणि खिडकीला तोंड लावून म्हणाली, हळू सांग. मी आधी समजलो नाही. मागे लाईनमधे तिचा दीर उभा होता. तिला आकडा पाहिजे होता पण फक्त तिला. वाचता येत नाही, म्हणजे लिहून देऊन उपयोग नाही. आता काचेआडून, मागे एवढा गोंगाट, हळू कसं सांगणार? मी म्हटलं मावशी बोटं बघ. तीन बोटं दाखवली, म्हणजे तीन हजार, दोन हप्ते एकदम पडले होते. तिने पण तीन बोटं दाखवली, मी मान हलवली. पासबुक कमरेला खोचलं आणि मागे वळून मोठ्याने म्हणाली, "नई उनात अजून."

कॅमेरा तिथं असता तर हे झालंच नसतं ना. तिच्या कामाचं एवढंच होतं की कोणाला दिसू नये.


शेव_वेगळी_द्या

साहेब हे जबरदस्त. आमची पण बोटांचीच भाषा.


भरीत_मावशी

मी भुसावळची, वय ५८. माझ्या सुनेने लिहायला शिकवलं इथं. मी खरोखर गेले होते एका कुकिंग शोच्या ऑडिशनला मुंबईला, कोणता ते सांगत नाही, सून म्हणते नको सांगू. घरून पदार्थ करून न्यायचा आणि तिथं ताटात मांडायचा असं होतं. मी भरीत नेलं. बामणोदची वांगी, ती हिरवी पांढरट मोठी, आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला तर जीआय मानांकन मिळालंय. पऱ्हाट्यावर भाजली, बडगीत ठेचली, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि कळण्याच्या पुऱ्या वेगळ्या बांधल्या. रात्रीच्या गाडीने गेले, सकाळी सहाला लाईनीत. नंबर आला अडीचला. भरिताचं तुम्हाला माहिती आहे, गार झालं की तेल वेगळं होतं आणि पात मान टाकते.

आत एक मुलगी होती, माझ्या नातीएवढी, गोड होती. तिने भरीत बघितलंच नाही. म्हणे आंटी आपकी जर्नी क्या है? मी म्हटलं भुसावळ ते दादर. ती हसली. मग म्हणे नाही तसं नाही, लाईफ में कुछ मुश्किल? मी म्हटलं बेटा सकाळपासून लाईनीत उभी आहे, हेच. तिला नवरा वारला, सासू छळायची असं काहीतरी पाहिजे होतं. नवरा बाहेर बाकावर बसून पुऱ्या सांभाळत होता, धडधाकट.

निवड झाली नाही. येताना लाईनीतल्या पोरांना सगळं भरीत वाटलं. त्यांनी डबा चाटून दिला.


केळी_कटर

मावशी भरीत म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटलं. भुसावळला आलो की येऊ का?


भरीत_मावशी

ये रे बाबा. पण टेबल वाजवायचं नाही.


सेटवरचा_चाळीसगावकर

आता माझा नंबर. चाळीसगावचा, मुंबईत सेटवर आहे, साऊंडमधे. एका कुकिंगवाल्या रिॲलिटी शोचं काम केलंय, नाव सांगत नाही, पोट आहे. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतो.

एक, जी पोरगी रडत होती ती सॉस फाटला तेव्हा रडली असेल, पण "मुझे लगा सब खतम" असं कॅमेऱ्यासमोर बसून बोलते ना, ती मुलाखत नंतर घेतात, कधी कधी दुसऱ्या दिवशी, त्याच कपड्यांत. बोलताना मात्र आत्ता घडतंय असं बोलायचं. आम्ही माईक लावतो तेव्हा बऱ्याच वेळा ती जांभया देत असते.

दोन, जज गरम खात नाहीत. ताट तयार झाल्यावर त्याचे जवळून शॉट घ्यायचे, लाईट बदलायचा, मग चाखायचा सीन, तोपर्यंत गार. खरी चव ते बनत असतानाच फिरून बघून ठेवतात. आणि हेल्स किचनचं कोणीतरी म्हणालं, ते पण सुरुवातीच्या सीझनला लॉस एंजेलिसमधे उभारलेला सेटच, हॉटेल नव्हे.

तीन, मूळ प्रश्न, उरलेलं ताट कोण खातं. आम्ही! कट म्हटलं की स्पॉटदादा, लाईटवाले, आम्ही साऊंडवाले, सगळे चमचे घेऊन. बारा तासांची शिफ्ट असते आणि लांबली तर लांबली. एक स्पॉटदादा होते, साठीचे, जजला चहा, स्पर्धकाला पाणी, डायरेक्टरला छत्री, दिवसभर पळायचे. एकदा कोणाचं तरी काहीतरी फ्रेंच नावाचं होतं, जजने बेचव म्हणून नापास केलेलं. दादांनी उभ्यानेच खाल्लं, पुसून. मी विचारलं कसं होतं? म्हणे मीठ कमी होतं पण गरज जास्त होती.

कामाचा शो चालला होता आणि त्या सेटवर सगळ्यात जास्त काम करणारा माणूस फ्रेममधे आला की ओरडायचे, "दादा फ्रेम सोडा!"


शेव_वेगळी_द्या

भो तुम्ही माझा धागा वाचवला. म्हणजे भुकेला माणूस होता, कॅमेऱ्याच्या मागे होता.


पुण्यातला_जळगावकर

मी माघार घेतो. अर्धी. आईचं ते वाक्य मात्र मी सोडणार नाही.


शेव_वेगळी_द्या

आईचं राहू द्या, आई बरोबरच आहे.

काल रात्री गर्दी ओसरल्यावर मी वस्तादला हा सगळा धागा वाचून दाखवला, तो स्वतः मोबाईल वापरत नाही. तो तेव्हा जेवत होता, दही-भाकर आणि मिरचीचा ठेचा. २२ वर्षं शेवभाजी करतोय पण स्वतः खाताना मी एकदाच बघितलंय. बाबाच्या किस्स्याला हसला, नथवाल्या ताईंचं ऐकून म्हणे या पोरीला कोणी स्टूल का देत नाही, आणि बोटांच्या गोष्टीला भाकर तोडता तोडता थांबला, ती परत वाचायला लावली. मी विचारलं, टीव्हीवाले आपल्याकडे आले तर काय करायचं वस्ताद? म्हणे, "उनात ते त्यासले पहिले जेवाले बसाड. मंग काय ते फोटू काढू दे."


हाफ_तिकीट

वस्तादला नमस्कार सांगा. आणि सुट्टे ठेवा, मी येणार आहे.


तापीकाठ

एक शंका, धाग्याबाहेरची. पार्सल घरी नेल्यावर शेव वेगळी असून पण भाजीत टाकली की लगेच नरम पडते. हॉटेलात तशी लागत नाही. का?


शेव_वेगळी_द्या

रस्सा परत उकळवता ना? नका उकळवू. नुसता गरम करा, ताटात घ्या, वरून शेव टाका आणि लगेच बसा. जाडी शेव मागा, बारीक नाही. आणि आधी सगळ्यांना हात धुवायला लावा. चला, बाहेर गाडी लागली, दोन क्रूझर दिसताहेत.